शेजारी शंभर मैलांवर

पावसाळा संपल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही घरची मंडळी घेऊन गेट वे ऑफ इंडियाला गेलो होतो. शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या, फोटो काढून झाले, मग सगळे कठड्याशी उभे राहून पाण्याकडे पाहू लागलो. एलिफंटाला जाणाऱ्या लाँचींच्या पलीकडे चार-पाच पांढऱ्या शिडाच्या होड्या नांगरून पडल्या होत्या. अशा होड्यांतून काही माणसे एकटी किंवा नवरा-बायको दोघेच साऱ्या जगाला फेरी मारतात, असे आम्ही सांगितले. तेव्हा आमच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, “आणि त्यांचं प्यायचं पाणी संपलं तर?”

तिच्या आजीने लगेच उत्तर दिले, “अगं बाय, शेजाऱ्याकडं मागायचं की!”

“पण आजी, तिथं शेजारी कुठं असतो?”

आजी गप्प झाल्या. चाळीत उभा जन्म गेलेल्या बाईला शेजारी नाही अशी जागाच ठाऊक नव्हती. वाटीभर साखर, मूठभर तांदूळ, रात्री-अपरात्री पोराला ताप आला तर दवाखान्यापर्यंत सोबत, हे सगळे भिंतीपलीकडच्या माणसाने करायचे आणि आपणही त्याचे करायचे, हाच तिचा जगण्याचा हिशेब. मुलीचा प्रश्न मात्र आमच्या डोक्यात राहिला. त्यावर आम्ही जे वाचले आणि जमवले, ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शिडाच्या होडीतून जगभर फिरणे हा प्रकार पैशाचा आहे. आपल्यासारख्या महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्यांना तो परवडणारा नाही, आणि यातल्या बऱ्याच होड्या निव्वळ श्रीमंतांची खेळणी असतात हेही खरे. पण सगळेच तसे नसतात. कुणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घर विकून होडी घेतो आणि तिच्यातच राहतो, कुणी बंदरोबंदरी सुतारकाम, इंजिन दुरुस्ती, शिडे शिवणे अशी कामे करत पुढे सरकतो. गंमत अशी की एका खाडीत नांगर टाकला की मोठ्या होडीवाला आणि फाटक्या शिडाचा होडीवाला एकाच वाऱ्याला तोंड देत असतो. रात्री वादळ झाले आणि नांगर सुटला, तर श्रीमंताची होडीही तशीच खडकावर जाणार. म्हणून ही माणसे एकमेकांना धरून राहतात.

त्यांच्या काही रीती आहेत. नवी होडी धक्क्याला लागताना दिसली, की आसपासच्या होड्यांवरची माणसे हातातले काम टाकून धक्क्यावर येतात आणि फेकलेला दोर झेलून खुंटाला बांधून देतात. कुणी कुणाला ओळखत नसते. दोर झेलणारा पुढच्या वेळी दोर फेकणारा असतो. नांगरून पडलेल्या होडीकडे जायचे तर छोट्या वल्ह्याच्या किंवा रबरी नावेतून जातात, पण थेट चढत नाहीत. आधी बाजूच्या लाकडावर टकटक करायची, हाक मारायची आणि “आत येऊ का?” असे विचारायचे. ती होडी म्हणजे त्या माणसाचे घर, तिचा काठ म्हणजे उंबरठा. आत जाताना चप्पल-बूट बाहेर काढायचे. हे वाचून आम्हाला बरे वाटले, कारण आपल्याकडेही बाहेरची पायताणे दाराशीच ठेवतात. बोटीवर त्याचे कारण वेगळे आहे. बुटाच्या तळव्यात अडकलेला खडा लाकडी फळ्यांना ओरखडे पाडतो.

जेवायला बोलावले तर रिकाम्या हाताने जायचे नाही. कुणी मासा पकडला असेल तो आणतो, कुणी घरी भाजलेला पाव, कुणी नारळ. तीन-चार आठवडे समुद्रात काढून आलेल्या माणसाला ताजा कांदा, टोमॅटो किंवा लिंबू दिले तर त्याचे डोळे चमकतात. वाचून झालेली पुस्तके अदलाबदल करतात, सागरी नकाशे एकमेकांना देतात. त्याहून मोलाचे म्हणजे पुढच्या बंदराची माहिती: पाणी कुठे गोडे मिळेल, खडक कुठे बुडालेला आहे, कोणता दुकानदार उधार देतो. दूरच्या प्रवासात असलेल्या होड्या ठरावीक वेळी बिनतारी यंत्रावर एकमेकींची हजेरी घेतात. प्रत्येकाने आपला ठावठिकाणा, वारा, तब्येत सांगायची. एखादी होडी दोन दिवस बोलली नाही तर बाकीचे काळजीत पडतात आणि विचारपूस सुरू होते. हीच त्यांची चाळ आणि हाच त्यांचा जिना.

यजमान देशाचाही मान राखावा लागतो. परक्या बंदरात शिरताना आधी पिवळे निशाण चढवतात. त्याचा अर्थ, आमच्या होडीवर रोगराई नाही, आम्हाला किनाऱ्यावर येण्याची परवानगी द्या. सरकारी माणूस येऊन कागद पाहून जाईपर्यंत कुणी उतरायचे नाही आणि कुणी भेटायला चढायचेही नाही. परवानगी मिळाली की पिवळे उतरते आणि त्या देशाचा छोटा झेंडा डोलकाठीच्या उजव्या बाजूला चढतो. पाहुण्याने घरधन्याला केलेला तो रामराम समजावा.

ही मैत्री पाहायची तर अटलांटिक महासागराच्या मधोमध जावे लागेल. तिथे पोर्तुगालची अझोर्स नावाची बेटे आहेत, मुख्य भूमीपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. त्यातल्या फायाल बेटावर ओर्ता हे बंदर आहे. अमेरिकेकडून युरोपला परतणाऱ्या होड्या इथे हटकून थांबतात. बंदरासमोर १९१८ साली एका अझेवेदो नावाच्या कुटुंबाने छोटे उपाहारगृह काढले. या घराण्यातला झोझे नावाचा मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका ब्रिटिश जहाजावर काम करत होता. तिथल्या एका अधिकाऱ्याला तो आपल्या पीटर नावाच्या मुलासारखा दिसे, म्हणून तो त्याला पीटर म्हणू लागला. ते नाव त्याला चिकटले आणि पुढे दुकानालाही. ‘पीटर’ म्हटले की जगातला दर्यावर्दी समजतो.

हा पीटर करायचा काय? बंदरात नवी होडी आली की तिची चौकशी करायचा. परक्या देशाच्या नोटा बदलून द्यायचा. कुठे सुतार मिळेल, कुठे डॉक्टर, हे सांगायचा. सगळ्यात मोठे काम म्हणजे पत्रे. समुद्रात फिरणाऱ्या माणसाला पत्ता नसतो. मग घरचे लोक पत्र पाठवायचे ते या दुकानाच्या पत्त्यावर. पीटर ते महिनोन् महिने जपून ठेवायचा आणि त्या नावाची होडी आली की हातात द्यायचा. आपल्यापैकी ज्यांचे वडील गिरणीत होते, त्यांना हे लगेच कळेल. गावाकडचे पत्र खोलीच्या पत्त्यावर यायचे आणि खानावळवाली बाई ते मसाल्याच्या डब्यामागे जपून ठेवायची. झोझे अझेवेदो २००५ साली वारला. दुकान त्याच्या मुलाने पुढे चालवले.

ओर्ताच्या धक्क्याच्या भिंती आणि जमीन रंगीत चित्रांनी भरलेल्या आहेत. येणारी प्रत्येक होडी आपले नाव, वर्ष, माणसांची नावे आणि एखादे चित्र रंगवून जाते. तसे न करता निघाले तर पुढे संकट येते, अशी समजूत आहे. आम्ही शकुन-अपशकुन मानणारे नाही. रंगवून निघालेल्या होड्याही बुडाल्या असतील आणि न रंगवता निघालेल्या घरी पोचल्या असतील. पण त्या समजुतीच्या निमित्ताने प्रत्येक माणूस अर्धा दिवस धक्क्यावर उकिडवा बसून रंगकाम करतो, शेजारच्याकडून ब्रश मागतो आणि बोलता बोलता ओळख होते, हा फायदा मात्र खरा आहे.

याच ओर्ताला १८९५ साली जोशुआ स्लोकम नावाचा म्हातारपणाकडे झुकलेला कप्तान आला होता. शिडाच्या जहाजांचे दिवस संपत आले होते, हाताला काम नव्हते. त्याने एक मोडकी होडी स्वतः दुरुस्त केली, लांबी अवघी सदतीस फूट, नाव ‘स्प्रे’. तीत बसून तो एकटा जगाच्या फेरीला निघाला. तोवर हे कुणी केलेले नव्हते. या कप्तानाला पोहता येत नव्हते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. ओर्ताच्या लोकांनी त्याला फळे दिली, पांढरे चीज दिले. निघाल्यावर त्याने आलुबुखार आणि चीज दोन्ही पोटभर खाल्ले आणि रात्री पोटात असा मुरडा उठला की तो खोलीच्या फळीवर आडवा पडला. बाहेर वादळ होते. त्या अवस्थेत त्याला सुकाणूवर एक अनोळखी उंच माणूस उभा दिसला. त्याने सांगितले की मी कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या आहे, तू झोप, होडी मी सांभाळतो. सकाळी स्लोकम उठला तर होडी नीट मार्गावर होती. आम्ही म्हणू की होडी समतोल बांधणीची होती आणि सुकाणू बांधलेले होते, त्यामुळे ती आपोआप चालत राहिली, आणि वाटाड्या हा तापातला भास. पण एकट्या पडलेल्या आजारी माणसाला भासातसुद्धा मदतीला आलेला सोबतीच दिसावा, याचे आम्हाला नवल वाटते.

पुढे १८९६ मध्ये तो सामोआ बेटावर पोचला. तिथे प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन राहत असे. तो १८९४ मध्येच वारला होता. त्याच्या विधवा पत्नीने स्लोकमला घरी बोलावले, आणि नवऱ्याच्या संग्रहातली समुद्रमार्गांच्या माहितीची पुस्तके त्याच्या हवाली केली. नवऱ्याची वस्तू कपाटात ठेवण्यापेक्षा जो खरोखर समुद्रात आहे त्याच्या उपयोगी पडावी, असा तो विचार. २७ जून १८९८ रोजी स्लोकम अमेरिकेत परतला तेव्हा त्याने ४६,००० मैल पार केले होते.

आता मुंबईकडे येऊ. कुलाब्याच्या एका कारखान्यात १९६३-६४ साली सागवानाची एक बत्तीस फुटी होडी बांधली गेली. बांधणारे आपले इथले सुतार, तासणे वाकसाने, बाकीचे कामही हातच्या अवजारांनी. होडीचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणारा तरुण इंग्रज. होडीचे नाव ‘सुहेली’. अरबी खलाशी इराणच्या आखातात वाहणाऱ्या एका वाऱ्याला या नावाने ओळखतात. १९६५ च्या अखेरीस तो आपला भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन मुंबईहून निघाला. दक्षिण आफ्रिकेत खिसा रिकामा झाला म्हणून थांबून पैसे कमावले आणि १९६७ मध्ये इंग्लंडला पोचला.

पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या पत्राने शर्यत लावली. एकट्याने, कुठेही न थांबता, जगाला फेरी. नऊ जण निघाले. आठ जण या ना त्या कारणाने बाद झाले. १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघालेली ‘सुहेली’ २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तिथेच परत आली. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली होडी मुंबईच्या सुतारांच्या हातची होती. त्या सुतारांची नावे शाळेच्या कोणत्याही पुस्तकात नाहीत, ही खंत नोंदवून पुढे जातो.

या शर्यतीत डोनाल्ड क्राउहर्स्ट नावाचा एक माणूस होता. कर्जात बुडालेला, घरी बायको आणि चार मुले. होडी अपुरी तयार होती, पण मागे फिरला तर घरदार जाणार होते. त्याने अटलांटिकमध्येच घुटमळत राहून खोटे ठावठिकाणे कळवले. शेवटी ते ओझे सहन न होऊन त्याचे मन बिघडले. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी रिकामी तरंगताना सापडली, तो कधीच सापडला नाही. सर्वांत वेगवान फेरीसाठी ५,००० पौंडांचे बक्षीस होते. फेरी पुरी करणारा एकटाच असल्याने तेही नॉक्स-जॉन्स्टनलाच मिळाले. त्याने ती सगळी रक्कम क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिली. हा माणूस काही लक्षाधीश नव्हता, नोकरी करणाराच होता. ज्याने आपल्याला फसवून मागे टाकायचा प्रयत्न केला, त्याच्या पोरांच्या तोंडी घास जावा म्हणून त्याने पाच हजार पौंड सोडले. आम्ही हे दोनदा वाचले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. शेजारी कुठे असतो?

दक्षिण गोलार्धात, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या खाली, जो समुद्र आहे तिथे वाऱ्याला अडवणारी जमीन नाही. चार मजली चाळीएवढ्या लाटा उठतात. तिथे विमान पोचायला तासन् तास लागतात आणि पोचले तरी उतरू शकत नाही, हेलिकॉप्टरचा पल्ला पुरत नाही. मदत करू शकणारा जवळचा माणूस म्हणजे बहुधा त्याच शर्यतीतला दुसरा स्पर्धक. तोही शंभर-दीडशे समुद्री मैलांवर. एक समुद्री मैल म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. म्हणजे मुंबईहून नाशिकच्या पुढे. आणि शिडाची साधी होडी चालते सायकलपेक्षाही हळू.

१९९६ च्या डिसेंबरात अशाच एका शर्यतीत राफाएल दिनेली या फ्रेंच तरुणाची होडी वादळात उलटली आणि पाण्याने भरली. जवळपास बुडालेल्या होडीच्या पाठीवर तो स्वतःला बांधून उभा राहिला, लाटा अंगावरून जात होत्या. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाच्या विमानाने वरून रबरी तराफा टाकला. तो तराफ्यात शिरला आणि थोड्याच वेळात होडी तळाला गेली. पीट गॉस हा इंग्रज स्पर्धक सुमारे १६० मैल पुढे निघून गेला होता. निरोप मिळताच त्याने होडी वळवली. वळवली म्हणजे त्या वादळाच्या थेट तोंडावर घातली. ज्या वाऱ्याकडे पाठ करून पळणेच कठीण, त्याच्याकडे तोंड करून तो जवळपास दोन दिवस झगडला. २७ डिसेंबरला त्याला तराफा सापडला. थंडीने आखडलेल्या दिनेलीला त्याने आपल्या एका माणसाच्या खोलीत घेतले, कोरडे कपडे घातले, भरवले, हातापायांना मालिश केले. ऑस्ट्रेलियाच्या होबार्ट बंदरापर्यंत दोघे दहा दिवस त्या चिमुकल्या जागेत राहिले. एकाला फ्रेंच नीट येत नव्हते, दुसऱ्याला इंग्रजी. पुढे दिनेलीचे लग्न झाले तेव्हा नवरदेवाचा पाठीराखा म्हणून शेजारी उभा होता पीट गॉस.

त्याच शर्यतीत जानेवारी १९९७ मध्ये जेरी रूफ्स हा कॅनडाचा माणूस नाहीसा झाला. त्याला शोधायला इझाबेल ओतिसिए ही फ्रेंच बाई स्वतःची मोडतोड झालेली होडी घेऊन वादळात मागे फिरली होती. तो सापडला नाही. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, दुसऱ्या एका शर्यतीत पॅसिफिक महासागरात तिचीच होडी उलटी झाली आणि ती आत अडकली. या वेळी इटलीचा जोव्हानी सोल्दिनी दोनशे मैलांवरून आला. उलटी पडलेली होडी दिसली, हाका मारल्या, उत्तर नाही. वाऱ्यात आवाज पोचत नव्हता. त्याने हातोडा घेतला आणि होडीच्या तळावर फेकून मारला. तो ठोका ऐकून इझाबेल बाहेर आली. वर आम्ही सांगितले ना, होडीवर चढण्याआधी टकटक करायची?

आणि आपला अभिलाष टॉमी. भारतीय नौदलाचा हा अधिकारी. त्याच्या आधीची साखळी थोडक्यात सांगावी लागेल. भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हे स्वप्न निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर अवटी यांचे. ते सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णी गावी राहत, २०१८ साली तिथेच वारले. ते स्वप्न प्रथम पुरे केले नौदलाच्याच दिलीप दोंदे यांनी, २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत. होडी ‘म्हादेई’, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. दोंदे यांना धडे द्यायला कोण होते? मुंबईच्या ‘सुहेली’चे तेच नॉक्स-जॉन्स्टन. आणि दोंदे बंदरात आले की त्यांच्या मदतीला धावणारा सहकारी होता अभिलाष. मग २०१२-१३ मध्ये अभिलाषने त्याच ‘म्हादेई’तून न थांबता फेरी पुरी केली.

२०१८ साली जुन्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून तशीच शर्यत पुन्हा लावली गेली. अट अशी की १९६८ मधलीच साधने वापरायची. अभिलाष गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन उतरला. ती ‘सुहेली’च्याच घडणीची. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती उलटवली, डोलकाठ्या मोडल्या आणि अभिलाषच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तो आतल्या बिछान्यावर पडून राहिला, चालता येईना. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून तो सुमारे १,९०० समुद्री मैलांवर होता. सर्वांत जवळ होता ग्रेगर मॅकगकिन हा आयर्लंडचा तरुण. त्याच वादळात त्याचीही होडी उलटली होती आणि डोलकाठी गेली होती. त्याने मोडक्या तुकड्यांची कामचलाऊ काठी उभी केली, चिंधीएवढे शीड चढवले आणि स्वतःच्या सुटकेचा विचार बाजूला ठेवून अभिलाषच्या दिशेने निघाला. भारतीय नौदलाचे विमान मॉरिशसहून उडून अभिलाषची होडी शोधून गेले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच गस्ती जहाज आधी पोचले. त्याने अभिलाषला उचलले, मग मॅकगकिनलाही घेतले. दोघांना आम्स्टरडॅम नावाच्या एकाकी फ्रेंच बेटावर नेले, तिथून आपली ‘सातपुडा’ युद्धनौका अभिलाषला घेऊन आली. त्याच्या कण्यात धातूचे दांडे बसवावे लागले. तरीही तो २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला.

इथे आम्हाला एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बुडत्या माणसाला मदत करणे हे आता आंतरराष्ट्रीय कायद्यानेही बंधनकारक आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात तसे स्पष्ट कलम आहे. त्यात बुडणारा कोण, हा प्रश्न नाही. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टॅम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाचा कप्तान आर्ने रिनान याने बुडणाऱ्या लाकडी बोटीवरून ४३० हून जास्त माणसे वर घेतली. बहुतेक अफगाणिस्तानातून जीव वाचवून निघालेली, बायका-मुलांसह. जहाजावर माणसे होती २७, जेवणखाण त्यांच्यापुरतेच. तरी त्यांनी वाटून दिले. पण ज्या ऑस्ट्रेलियाने एकेका शर्यतवीरासाठी विमाने आणि युद्धनौका धाडल्या होत्या, त्याच देशाने या जहाजाला बंदरात येऊ दिले नाही. सैनिक पाठवून जहाज ताब्यात घेतले आणि त्या माणसांना नाउरू व न्यूझीलंडकडे रवाना केले. २००२ साली निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना दिले जाणारे नान्सेन पारितोषिक कप्तान, खलाशी आणि कंपनी यांना मिळाले. समुद्रावरची माणसे आपल्या रीतीने वागली. जमिनीवरच्यांनी आधी पाहुण्याचे कागद पाहिले.

असो. शेवटची हकीकत त्याच २०२२ च्या शर्यतीतली, जीत अभिलाष दुसरा आला. नोव्हेंबर महिना, दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला समुद्रात तापिओ लेहतिनेन या फिनलंडच्या ज्येष्ठ गृहस्थाची होडी अचानक मागून पाण्याने भरू लागली. काही मिनिटांत ती गेली. तो रबरी तराफ्यात. जवळ कोण? शंभरेक मैलांवर कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची, त्या शर्यतीतली एकमेव बाई. ती रात्रभर स्वतः सुकाणू धरून गेली. तराफा इतका लहान की लाटांच्या आड दिसेना. दिसला तेव्हा दोर फेकून तिने त्याला ओढून घेतले. त्याने जवळपास चोवीस तास तराफ्यात काढले होते. दोघांनी एकेक पेला रम घेतली, थोड्या गप्पा केल्या. मग ‘दर्या गायत्री’ नावाचे मालवाहू जहाज आले, लेहतिनेन त्यावर चढला आणि कर्स्टन आपल्या वाटेने गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये ती शर्यत तिने जिंकली. अशा तऱ्हेची जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

ही हकीकत आम्ही घरी जेवताना मुलीला आणि तिच्या आजीला सांगितली. मुलीने विचारले, तिचा वेळ गेला त्याचे काय झाले? शर्यतवाल्यांनी तो वेळ तिला भरून दिला, असे आम्ही सांगितले. तिचे समाधान झाले. आजींनी मात्र हातातला घास तसाच ठेवला.

“ते समदं खरं. पण एवढा दिसभर पाण्यात भिजलेला माणूस. बाईनं त्याला काय खायला-प्यायला दिलं का न्हाई?”

“दिलं की, आई.”

“काय दिलं?”

आम्ही भाजीचे भांडे पुढे सरकवले.